मालमोटारीच्या धुराची मीमांसा

न्यायशास्त्राचा पहिला पाठ घेणाऱ्या विद्यार्थ्यास गुरुजी जें उदाहरण प्रथम देतात, तें धुराचें आणि अग्नीचें होय. डोंगरावर धूर दिसतो, अर्थात् तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान आमच्याकडे शेंकडों वर्षें घोकलें जात आहे. परंतु त्याच पाठांत पुढें एक सूक्ष्म गोष्ट सांगितलेली असते, व ती पुष्कळ विद्यार्थी परीक्षा संपतांच विसरतात. धुरावरून अग्नीचें अनुमान बरोबर. अग्नीवरून धुराचें अनुमान मात्र चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. अग्नीस धूर येतो तो ओल्या सरपणाचा संयोग झाला म्हणजे. आणि ह्या ओल्या सरपणास शास्त्रकारांनीं ‘उपाधि’ असें नांव दिलें आहे. चुलीपाशीं आयुष्य गेलेल्या आमच्या वडील पिढीच्या स्त्रियांस हें शास्त्र न शिकतांहि ठाऊक होतें. धूर झाला कीं त्या चूल मोडावयास निघत नसत. लांकूड ओलें आहे, कीं वारा कमी पडतो, हें आधीं पाहत.

आज आम्ही ज्या धुराविषयीं लिहिणार आहों, तो चुलीचा नव्हे. जुन्या मालमोटारीच्या धुराड्यांतून निघणारा होय. कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत हा विषय कशाला, असें एखादा वाचक म्हणेल. त्यास आमचें उत्तर एवढेंच, कीं ज्या घरांत शेती, बाग किंवा पेढी आहे, अशा पुष्कळ घरांच्या दारांत आज एक जुनें वाहन उभें असतें. त्याच्या दुरुस्तीचा खर्च घरच्याच तिजोरींतून होतो, आणि त्याचा धूर घरच्याच खिडकींतून आंत येतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर शाहूवाडी तालुक्यांत आहे. तीन भाऊ, वृद्ध मातोश्री, सुना, नातवंडें असें मोठें एकत्र कुटुंब. घरचा ऊंस, घरचें गुऱ्हाळ, आणि १९९१ सालीं वडिलांनीं घेतलेली एक मालमोटार. गूळ बहुतेक कोल्हापूरच्या पेठेंत जातो. कांहीं आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जातो, आणि परत येतांना मोटार रिकामी येऊं नये म्हणून जांभ्याचा चिरा भरून आणतात. गेल्या हंगामांत ही मोटार घाट चढूं लागली कीं तिच्यामागें काळ्या धुराचा असा लोट उठे, कीं मागच्या वाहनास रस्ता दिसत नसे. सकाळीं अंगणांत सुरू केली म्हणजे निळसर धूर येई, तो निराळाच. गांवच्या फिटरानें दोन मिनिटें कान लावून निकाल दिला, “दादा, इंजिन बांधाय लागतंय. लाइनर-पिस्टन गेलं.” खर्च लाखाच्या वर. पैसा हातांत नव्हता. मधल्या सूनबाईंनीं आपल्या पाटल्या पुढें केल्या, आणि त्या गहाण टाकावयाच्या कीं मोटारच मोडींत काढावयाची, ह्यावर घरांत आठ दिवस बोलणीं चाललीं. शेवटीं मातोश्रींनीं थोरल्या मुलास आमच्याकडे पाठविलें.

आम्ही पाना धरणारे नव्हे. परंतु कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरांत इंधनपंप दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांचा मुलगा आमच्या वर्गांत होता, आणि त्या निमित्तानें त्यांच्या बांकावर बसून आम्हीं पुष्कळ दुपारी घालविल्या आहेत. त्यांच्याकडे आम्ही ह्या गृहस्थांस घेऊन गेलों. मिस्त्र्यांनीं मोटारीकडे पाहिलेंहि नाहीं. ते म्हणाले, “गुरुजी, आधी मला तीन गोष्टी सांगा. धूर कुठल्या रंगाचा? कुठल्या वक्ताला येतो? आन् तेल-पाणी किती घटतंय?” ह्या तीन प्रश्नांत सगळें शास्त्र आहे, असें आमचें मत आहे, आणि पुढील विवेचन त्यांचेंच स्पष्टीकरण होय.

प्रथम हें इंजिन काय करतें तें पाहूं. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन यंत्रज्ञानें १८९२ सालीं आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत त्याचें इंजिन यशस्वीपणें चाललें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत ह्याच जातीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें, हें वाचून आमच्या कित्येक भगिनींस तेलाच्या आजच्या भावाची आठवण होईल! मालमोटारीवर हें इंजिन बसावयास मात्र १९२३-२४ साल उजाडलें, आणि बॉश यांचा इंधनपंप १९२७ पासून मोठ्या संख्येनें निघूं लागल्यावर त्याचा प्रसार झाला. आपल्या देशांत १९५४ सालीं जमशेटपुरास टाटांनीं डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. तें सहकार्य १९६९ पर्यंत चाललें. इंधनपंप करणारा कारखाना बंगळुरास १९५१ सालींच निघाला होता. विजेच्या मेंदूवांचून चालणारीं त्या परंपरेचीं साधीं इंजिनें अजून आपल्या रस्त्यांवर आहेत, व आम्ही लिहितों तें त्यांच्याविषयींच.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते; ह्यांत ती नाहीं. सिलिंडरांत नुसती हवा ओढली जाते. दट्ट्या, ज्यास मिस्त्री पिस्टन म्हणतात, ती हवा सोळासतरा पटींनीं दाबून टाकतो, आणि त्या दाबानेंच ती ५०० अंशांच्या वर तापते. सायकलचा पंप मारतांना त्याचें बूड तापतें, तोच हा प्रकार. ह्या तापलेल्या हवेंत नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून डिझेलचा फवारा येतो, व आपोआप पेटतो. फवारा सुटण्याकरितां जुन्या इंजिनांत डिझेलवर हवेच्या नेहमींच्या दाबाच्या सुमारें २०० पट दाब लागतो. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटास १००० वेळां हें दहन होतें. एक किलो डिझेल पुरतें जळावयास कमींत कमी साडेचौदा किलो हवा पाहिजे. म्हणजे एका लिटरास सुमारें दहा घनमीटर, एक लहानशी कोठीची खोली भरेल इतकी. प्रत्यक्षांत ह्याहूनहि पुष्कळ अधिक लागते, कारण एवढ्या अल्प अवकाशांत प्रत्येक थेंबास आपल्या वांट्याची हवा सांपडतेच असें नाहीं.

एवढें समजलें म्हणजे धूर कां येतो हें समजलें. अग्नि तर प्रत्येक चालत्या इंजिनांत आहे. नीट जळणाऱ्या इंजिनाचा धूर डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं. दिसूं लागला, तर कोणता तरी उपाधि शिरला आहे. तो उपाधि शोधावयाचा सोडून ‘धूर आहे, म्हणून लाइनर गेले’ असें म्हणणें हा शुद्ध हेत्वाभास होय; मग म्हणणारा फिटर असो कीं पंडित असो.

काळा धूर म्हणजे काजळ. डिझेल अधिक व हवा कमी झाली, किंवा फवारा न होतां थेंब पडले, कीं इंधनांतला कोळसा न जळतां बाहेर येतो. हा धूर चढावर, भार ओढतांना, वेग घेतांना दिसतो. त्याचीं कारणें पुष्कळ आहेत, आणि त्यांतलीं पहिलीं जवळजवळ फुकटांत तपासतां येतात. म्हणून आमच्या मिस्त्र्यांचा नियम असा, कीं जेथें पाना लावावा लागत नाहीं तेथून आरंभ करावा.

पहिली जागा हवेच्या वाटेची. जुन्या मालमोटारींत बहुधा तेलाचें एअर क्लीनर असतें. बाहेरची हवा एका भांड्यांतील तेलावर आपटते, धूळ तेलांत बसते, आणि हवा तारेच्या जाळींतून गाळून पुढें जाते. भांड्यांत तेलाच्या पातळीची खूण असते. तळाशीं चिखल सांचला, जाळी बुजली, कीं इंजिनास श्वास पुरत नाहीं. कित्येक चालक चिखल न काढतां वरून आणखी तेल ओततात. तें खुणेच्या वर गेलें कीं हवेबरोबर सिलिंडरांत ओढलें जातें, आणि मग निळा धूर येऊन लाइनरांवर नाहक आळ येतो! भांडें घासून, जाळी रॉकेलांत किंवा डिझेलमध्यें धुऊन, निथळून, खुणेइतकें नवें तेल भरावें. हें काम घरचा मुलगाहि करील.

क्लीनरापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी मात्र पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. ती जुनी झाली म्हणजे तिचा आंतला थर सुटतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते. इंजिन सावकाश चालत असतांहि कांहीं कळत नाहीं. पण वेग वाढला कीं हवेच्या ओढीनें सुटलेला थर आंत ओढला जातो व वाट बंद करतो. वेग कमी केला कीं वाट पुन्हां मोकळी! असा रोग दाराशीं उभ्या केलेल्या मोटारींत कधींच सांपडावयाचा नाहीं. नळी काढून आंत दिवा धरून पाहावी, बोटानें चांचपावी. तसेंच दुसऱ्या टोकाचें. सायलेन्सर आंतून काजळीनें किंवा तुटलेल्या पत्र्यानें बुजला असेल, तर जळकी हवा बाहेर पडत नाहीं, आणि ताज्या हवेस जागा मिळत नाहीं.

दुसरी जागा नोझलांची. नीट नोझलचा फवारा धुक्यासारखा निघतो व टाळी वाजवावी तसा एकदम तुटतो. बिघडलेल्याच्या टोकाशीं थेंब लोंबत राहतो. तपासणीच्या हातपंपावर लावलें कीं हें डोळ्यांस दिसतें, व तासाभरांत सहाहि नोझलें पाहून होतात. ह्या ठिकाणीं एक धोक्याची सूचना केल्यावांचून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्या फवाऱ्यापुढें हात कधींहि धरूं नये. तो कातडीस सुईसारखें छिद्र पाडून डिझेल आंत घालतो. बाहेर टांचणीच्या टोंचणीएवढी खूण दिसते, दुखतहि फारसें नाहीं. पण आंत मांस सडतें, आणि बोट जाण्याची पाळी येते. असें झाल्यास हळद दाबून घरीं न बसतां त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें, व काय घडलें तें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

तिसरी जागा पंपाची, आणि येथें यंत्राबरोबर मनुष्यस्वभावहि तपासावा लागतो. पंपास एक स्क्रू असतो. एका वेळीं अधिकांत अधिक किती डिझेल द्यावें, हें त्यानें ठरतें. पंप जुळविल्यावर त्यास तार ओंवून शिशाचें सील लावितात. मोटार चढावर ओढत नाहीं अशी तक्रार आली, कीं कोणी तरी सील तोडून तो स्क्रू थोडा फिरवितो. मोटार ओढूं लागते, चालक खूष होतो. पण हवा तेवढीच असल्यामुळें जास्तीचें डिझेल काजळ होऊन बाहेर पडतें. पैसा दिलेला, आणि उडविलेला धूर! शिवाय पिस्टन अधिक तापतो, आणि लाइनरांवरचें तेल धुपून ते लवकर झिजतात. त्याहून जुन्या कांहीं इंजिनांत हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असे, व त्यांत चामड्याचा एक पडदा असे. तो वाळला किंवा फाटला तरी पंप आवश्यकतेपेक्षां अधिक डिझेल देऊं लागतो. पंपाची वेळ मागें पडली, टॅपेटांचें अंतर बिघडलें, तरीहि धूर येतो. पण तीं कामें जाणत्या हातांचीं आहेत व त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

निळा धूर हा वंगणाचें तेल जळल्याचा पुरावा होय. रंग फिकट असल्यामुळें तो उन्हांत पांढराच वाटतो. काळ्या पडद्यापुढें, किंवा झाडाच्या सावलींत पाहावा. ह्यास जळक्या तेलाचा उग्र वास असतो. खरा प्रश्न असा, कीं तेल वरून शिरतें कीं खालून? वरून, म्हणजे हेडमधील व्हॉल्व्हांच्या गाइडांतून. खालून, म्हणजे पिस्टनच्या रिंगांवरून. पहिलें काम हेड उतरवून होतें, दुसऱ्यास सगळें इंजिन खोलावें लागतें. आणि दोहोंच्या खर्चांत कित्येक पटींचें अंतर आहे. म्हणून ह्याचा निर्णय घाईनें करूं नये. रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीनें सकाळीं एक मोठा निळा लोट सोडला, आणि थोड्या वेळानें धूर विरळ झाला, तर संशय गाइडांकडे जातो. रात्रीं तेल थेंबथेंब झिरपून व्हॉल्व्हांवर बसलेलें असतें. धूर सदाच येतो, भार वाढेल तसा वाढतो, तर संशय रिंगांकडे. त्याची साधी परीक्षा अशी: इंजिन तापल्यावर मंद चालू ठेवून तेल भरावयाचें झांकण काढून पाहावें. तेथून भकभक वाफारा निघत असेल, ज्यास मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तर जळका वायु रिंगांवरून खालीं उतरत आहे. तरीहि शेवटचा निकाल प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकानें मोजूनच घ्यावा. सहांपैकीं पांच सारखे व एक खालीं, असें निघालें तर रोग एका घरांतला. सगळेच खालीं, तर म्हातारपण.

तेल घटण्याचा आणखी एक चोरटा मार्ग आहे. ब्रेकांसाठीं हवा दाबणारा कंप्रेसर इंजिनाच्याच तेलावर जगतो. त्याच्या रिंगा झिजल्या कीं तेल हवेच्या टाक्यांत जातें. टाकीखालील तोटी उघडली असतां पाण्याबरोबर काळें तेल ओघळलें, तर घटणाऱ्या तेलाचा कांहीं भाग तेथें सांपडला असें समजावें. ज्या मोटारींस टर्बो आहे, त्यांच्या टर्बोच्या दांड्याजवळूनहि तेल शिरतें. आणि पुष्कळदां दोष टर्बोचा नसून त्यांतून तेल परत नेणारी नळी बुजल्याचा असतो.

पांढऱ्या धुराचे दोन प्रकार, आणि त्यांची गल्लत महाग पडते. न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांस झोंबतो व रेंगाळतो; थंड सकाळीं मिनिट दोन मिनिटें आला तर जुन्या इंजिनास तो क्षम्य आहे. पाण्याची वाफ झोंबत नाहीं, व मोटारीपासून थोड्या अंतरावर विरून जाते. इंजिन चांगलें तापल्यावरहि ती येत राहिली, रेडिएटरांतील पाणी रोज घटूं लागलें, गार असतांना उघडलेल्या रेडिएटरांत इंजिन सुरू करतांच बुडबुडे दिसूं लागले, किंवा तेलाच्या पट्टीवर तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर हेड गॅसकेट गेली किंवा हेडास तडा गेला असें समजून मोटार तेथेंच थांबवावी. तापलेल्या रेडिएटराचें झांकण उघडूं नये, हें सांगावयास नकोच. पण दर उन्हाळ्यांत कोणी तरी भाजून घेतोच.

आतां शाहूवाडीच्या मोटारीकडे वळूं. तिचें एअर क्लीनर उघडलें तेव्हां तळाशीं तीन बोटें चिखल होता, आणि जाळी गुऱ्हाळाच्या राखेनें व चिपाडाच्या भुशानें लिंपलेली. मोटार हंगामभर चुलवाणाशेजारीं उभी असे, त्याचें हें फळ. रबरी नळीचा आंतला थर एका बाजूनें सुटलेला निघाला. सहांपैकीं दोन नोझलें थेंब सोडीत होतीं. एवढें दुरुस्त केल्यावर काळा धूर पुष्कळ कमी झाला, पण गेला नाहीं. तेव्हां मिस्त्र्यांनीं पंपाकडे बोट दाखविलें. सील नव्हतें.

चालक हा त्या घरांत वडिलांच्या वेळेपासूनचा मनुष्य; घरांतलीं सगळीं मुलें त्यास मामा म्हणतात. त्यास विचारतांच तो खालीं मान घालून उभा राहिला. मग धाकट्या भावानेंच सांगितलें, कीं स्क्रू आपल्या सांगण्यावरून फिरविला. येतांना आणावयाचा चिरा दोन वर्षांत खेपेगणिक वाढत गेला होता. मोटार घाट चढेना, म्हणून ही युक्ति. थोरल्या भावास ह्याची वार्ताहि नव्हती. त्या दिवशीं उद्यमनगरांतील त्या लहान दुकानांत दोघां भावांमध्यें जें बोलणें झालें, तें आम्ही येथें देत नाहीं. इतकेंच सांगतों, कीं नोझल बिघडल्याचें निदान करणें सोपें होतें. एकत्र कुटुंबांत एकाचा हिशेब दुसऱ्यास ठाऊक नाहीं, हें निदान मिस्त्र्यांच्या हातपंपावर होण्यासारखें नव्हतें. पंप जुळवून नवें सील लागलें, आणि चिऱ्याचा भार परवान्यांत लिहिलेल्या वजनापर्यंत खालीं आला. खेपेमागें उत्पन्न कमी झालें हें खरें. डिझेलहि कमी लागूं लागलें. दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं हें धाकट्या भावानें अद्याप आम्हांस सांगितलेलें नाहीं, व आम्हींहि विचारलेलें नाहीं.

निळ्या धुरापुरतें मात्र फिटराचें म्हणणें सर्वस्वीं निराधार नव्हतें. सिलिंडरांचे दाब मोजले ते जवळजवळ सारखे व पुरेसे भरले, बॅक कॉम्प्रेशनहि बेताचें. म्हणजे लाइनर-पिस्टन शाबूत. पण हेड उतरविल्यावर व्हॉल्व्हांचे गाइड झिजलेले आढळले. ते बदलले, व्हॉल्व्ह घांसून बसविले, नवी गॅसकेट टाकली. सगळें मिळून खर्च पहिल्या अंदाजाच्या चौथाईच्या आंत आला, व पाटल्या घरांतच राहिल्या.

धूर हा केवळ मोटारमालकाच्या खर्चाचा प्रश्न नाहीं. ह्या घरांत मोटार रोज पहांटे माजघराच्या खिडकीखालीं दहा-पंधरा मिनिटें तापवीत असत, आणि आंत चार वर्षांची नात खोकत असे. घरच्यांनीं तो खोकला थंडीचा धरला होता. तो धुराचाच होता असें आम्ही म्हणत नाहीं. तें डॉक्टरांनीं पाहावयाचें. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे, आणि त्याची काजळी इतकी सूक्ष्म असते कीं ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, हें ज्या घरांत लहान मुलें आहेत त्यांनीं विसरूं नये. दिसेनासा झालेला धूरहि निरुपद्रवी नव्हे. मोटार फाटकाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगास सुरू करावी. बंद गोठ्यांत किंवा पडवींत इंजिन चालूं ठेवणें हें तर प्राणघातक आहे.

कायदा ह्या बाबतींत मुका नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांतील ११५ व्या नियमाप्रमाणें जुन्या डिझेल मोटारीचा धूर ६५ हार्ट्रिज एककांच्या आंत असला पाहिजे, व तसा दाखला अशा मोटारीनें दर सहा महिन्यांनीं घेतला पाहिजे. परीक्षा सोपी आहे: धुराड्यांत नळी घालून इंजिनाचा वेग एकदम वाढवितात, आणि त्या धुरांतून प्रकाश किती अडतो हें यंत्र मोजतें. कांहीं ठिकाणीं मोटार न नेतांच दाखला मिळतो, असें ऐकतों. ज्यांनीं तो तसा आणला, त्यांनीं वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनाची अल्प मोलांत होणारी नाडीपरीक्षा हातची घालविली, एवढेंच आमचें म्हणणें. तो आंकडा दर वेळीं वहींत टिपून ठेवला तर रोग वाढतो कीं स्थिर आहे, हें फिटर सांगण्याच्या आधीं आपणांस कळेल.

बाजारांत ‘धूर बंद’ करणाऱ्या औषधांच्या बाटल्या मिळतात. वाचकांनीं त्यांविषयींहि विचारलें आहे. त्यांतील पुष्कळशीं औषधें तेल दाट करतात. झिजलेल्या गाइडांतून दाट तेल कमी झिरपतें, म्हणून महिना दोन महिने धूर उतरतो. पण थंडींत तेंच दाट तेल वरपर्यंत वेळेवर चढत नाहीं, आणि झीज वाढते. विकावयास काढलेल्या मोटारींत हें औषध घातलेलें असतें, म्हणून जुनी मोटार घेणाऱ्यानें ती रात्रभर उभी ठेवून सकाळीं स्वतःच्या समक्ष सुरू करवावी.

शाहूवाडीची मोटार आतां फाटकाबाहेर सुरू होते. थंडीच्या दिवसांत पहिलीं दोन मिनिटें ती अजून पांढरट धूर सोडते. त्यासाठीं कांहीं करावें का, असें थोरल्या भावानें पुन्हां विचारून पाहिलें. मिस्त्री म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तेवढ्यासाठी इंजिन खोलाय लावलं तर मलाच लाज वाटंल. आधी मागचं दोन टायर बघा.”